बेगमी (घरगुती अन्नसाठवण)

बेगमी म्हणजे कुटुंबाला पुढील काही महिने, बहुधा एक वर्ष, पुरेल इतके धान्य, कडधान्य, मसाले, मीठ, गूळ, लोणची, वाळवणे इत्यादी खाद्यपदार्थ सुगीच्या व उन्हाळ्याच्या दिवसांत जमवून ते टिकतील अशा रीतीने घरात साठवण्याची पद्धत होय. महाराष्ट्र व गोव्यात ही पद्धत मुख्यतः पावसाळ्याशी निगडित आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पूर्वी ओढे-नद्यांमुळे वाटा बंद होत, समुद्रातील मासेमारी थांबे आणि उन्हाअभावी काहीही वाळवणे अशक्य होई. त्यामुळे मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर भरलेले असणे ही सोय नसून गरज होती. बाजारपेठा बारमाही झाल्यानंतर बेगमीचे प्रमाण घटले, तरी ग्रामीण भागात आणि अनेक शहरी कुटुंबांत वर्षाचे धान्य एकदम भरण्याची प्रथा टिकून आहे.

बेगमीचे यश साठ्याच्या आकारापेक्षा तीन गोष्टींवर अवलंबून असते: साठवणीपूर्वी पदार्थ किती कोरडा होता, साठवणीत त्याला ओल, कीड व उंदीर यांपासून किती संरक्षण मिळाले, आणि जुना माल आधी संपवण्याची शिस्त घरात पाळली गेली की नाही.

नाव

‘बेगमी’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आहे. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे चिंता. चिंता नसण्याची स्थिती असा त्याचा मूळ अर्थ. पुढे ती स्थिती ज्यामुळे लाभते त्या तरतुदीलाच बेगमी म्हणू लागले. कोकणात पावसाळ्याच्या आरंभाला ‘आगोट’ म्हणतात व त्यापूर्वी करावयाच्या साठवणीला ‘आगोटीची तयारी’ असे नाव आहे. गोव्यात याच साठवणीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. तरतूद या अर्थाच्या ‘प्रोव्हिमेंतु’ या पोर्तुगीज शब्दापासून हे नाव आले आहे. मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या आरंभी मडगाव येथील चर्चच्या फेस्ताला जोडून जो बाजार भरतो, तो ‘पुरुमेंताचें फेस्त’ म्हणून ओळखला जातो. सुकी मासळी, मिरची, कांदे, आमसुले, चिंच असा पावसाळ्याचा माल तेथे मिळतो.

इतिहास

महाराष्ट्रात धान्यसाठवणीचे पुरावे ताम्रपाषाण काळापासून मिळतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी वसलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात घरांमधील व घरांलगतची साठवणीची बळदे, तसेच कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे आढळले. त्या वस्तीत धान्यकोठाराचेही अवशेष मिळाले. शिबंदीसाठी धान्य राखण्याची मोठी व्यवस्था किल्ल्यांवर असे. पन्हाळगडावरील अंबरखान्याची गंगा, यमुना व सरस्वती ही कोठारे तिची ठळक उदाहरणे आहेत.

गावगाड्यात धान्य हे अन्न होते, तसेच चलनही होते. बलुतेदारांना त्यांच्या कामाचा मोबदला सुगीला धान्यरूपाने मिळत असे. त्यामुळे त्यांच्याही घरी वर्षाचा साठा एकाच हंगामात येई व तो पुरवून वापरावा लागे. मात्र बेगमी सर्वांना सारखी शक्य नव्हती. मोठी पेवे व बळदे जमीनदार, सावकार व व्यापारी यांच्याकडे असत. हातावर पोट असलेल्या मजुरांच्या घरात फार तर काही दिवसांचे धान्य असे. वर्षाचा माल एकदम घेण्यासाठी एकरकमी पैसा लागतो आणि तो नसलेले कुटुंब तोच माल वर्षभर थोडाथोडा, बहुतेक वेळा चढ्या दराने, विकत घेते. हा भेद आजही कायम आहे.

१९७२ च्या दुष्काळात साठवणीची मर्यादा स्पष्ट झाली. त्याआधीची वर्षेही तुटीची गेल्याने अनेक शेतकरी कुटुंबांच्या कणग्या रिकाम्या होत्या. दुष्काळी कामांवर मिळणारी मजुरी, तेथे वाटली जाणारी सुकडी आणि रेशनवर मिळणारी ‘मिलो’ ही आयात केलेली तांबडी ज्वारी यांवर लोकांना गुजराण करावी लागली. घरगुती साठा एखादा वाईट हंगाम निभावून नेऊ शकतो. लागोपाठच्या दुष्काळांत मात्र सार्वजनिक वितरण व रोजगार यांना पर्याय राहत नाही.

साठ्याचे प्रमाण

पारंपरिक हिशेब पायलीने होत असे. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली अशी ही मापे होती. किती पायल्यांचा मण हे प्रदेशागणिक बदले. बारा पायल्यांचा मण व सोळा पायल्यांचा मण असे दोन्ही प्रघात होते. वीस मणांची एक खंडी होई. घरातील खाणाऱ्यांची संख्या, शेतावरच्या गड्यांचे जेवण, सणवार, पाहुणे आणि घरात ठरलेले लग्नकार्य यांचा विचार करून घरातील वडीलधारी स्त्री हा अंदाज बांधत असे.

आधुनिक हिशेबासाठी हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचा आहारनमुना आधार म्हणून घेता येतो. दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी या नमुन्यात २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये आणि २७ ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ व्यक्तीचे मिठाचे सेवन दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. यावरून चार जणांच्या कुटुंबाची वर्षाची गरज पुढीलप्रमाणे निघते:

• तृणधान्ये (ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, नाचणी मिळून): सुमारे ३६५ किलो
• डाळी व कडधान्ये: सुमारे १२४ किलो
• तेल व तूप: सुमारे ३९ किलो
• मीठ: सुमारे ७ किलो (लोणची, सुकी मासळी व वाळवणे यांसाठी लागणारे मीठ वेगळे)

शेतात किंवा अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांना यापेक्षा बरेच अधिक धान्य लागते, तर लहान मुलांना कमी. मांसाहारी कुटुंबांत डाळींचे प्रमाण काहीसे कमी असू शकते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य मिळते. वर्षाला हे ६० किलो होते, म्हणजे वरील नमुन्यातील तृणधान्याच्या सुमारे दोन तृतीयांश. अंत्योदय कुटुंबांना दरमहा कुटुंबामागे ३५ किलो धान्य मिळते.

सर्व वस्तू वर्षभरासाठी भरणे योग्य ठरत नाही. तेल दीर्घकाळ ठेवल्यास खवट होते. दळलेले पीठही टिकत नाही. बाजरीचे पीठ तर काही दिवसांतच कडवट होते. त्यामुळे धान्य अखंड ठेवून लागेल तसे दळण्याची रीत आहे.

वार्षिक क्रम

बेगमीचे वेळापत्रक पिकांच्या हंगामावर बेतलेले असते. कोकणात कार्तिक-मार्गशीर्षात नवे भात घरात येते. देशावर व विदर्भात पौष-माघात तूर, तर फाल्गुन-चैत्रात रब्बी ज्वारी, गहू व हरभरा येतो. शहरी कुटुंबे वर्षाचा गहू, तांदूळ व डाळी बहुधा मार्च ते मे या काळात विकत घेतात. त्या वेळी नवा माल बाजारात असतो आणि तो वाळवायला कडक ऊनही मिळते.

चैत्र-वैशाख हे वाळवणाचे महिने आहेत. पापड, कुरडया, शेवया, सांडगे, साबुदाण्याच्या व बटाट्याच्या पापड्या, खानदेशात ज्वारीच्या बिबड्या, कोकणात तांदळाची फेणी, आंबापोळी व फणसपोळी असे पदार्थ या दिवसांत होतात. मिरच्या व खडे मसाले उन्हात तापवून, भाजून वर्षाचा मसाला कुटला जातो: कोल्हापूर-सांगलीकडे कांदा-लसूण मसाला, पुण्याकडे गोडा मसाला, कोकणात मालवणी मसाला. मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे ठेवण्याची प्रथा सर्वत्र आहे. चिंच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून तिचे गोळे करतात. कोकमाच्या साली त्यांच्याच मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवल्या की आमसुले तयार होतात. गडचिरोली व लगतच्या वनप्रदेशात वाळवलेली मोहफुले साठवली जातात.

किनारपट्टीवर याच काळात बोंबील, जवळा, सुकट, सोडे व खारा बांगडा यांचा साठा होतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. त्या काळात सुकी मासळी हाच आहारातील मासळीचा मुख्य आधार असतो. कैरीचे वर्षाचे लोणचे बहुधा सर्वांत शेवटी, मे-जूनच्या संधिकाळात घातले जाते.

साठवणीची साधने

पारंपरिक साधने स्थानिक माती, बांबू व गवत यांपासून बनलेली होती.

कणगी ही बांबूच्या कांबट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीने सारवलेली गोल कोठी असते. मोठ्या आकाराच्या कणगीला कणगा म्हणतात. ती जमिनीवर न ठेवता दगडांवर किंवा लाकडी चौकटीवर ठेवतात.

मुडा हा भाताच्या पेंढ्याचा घट्ट वळलेला गोल गठ्ठा होय. कोकण व गोव्यात भात, तांदूळ आणि बियाणे त्यात राखत. लहान गठ्ठ्याला मुडी म्हणतात.

बळद ही घराच्या भिंतीलगत किंवा जमिनीत बांधून काढलेली धान्याची बंदिस्त जागा होय. देशावरील जुन्या वाड्यांत ती आढळते.

पेव हे कोरड्या, घट्ट जमिनीत खणलेले भुयारी कोठार असते. त्याचे तोंड अरुंद व पोट रुंद असते. आतून कडबा किंवा पेंढ्याचे अस्तर देऊन धान्य भरल्यावर तोंड मातीने लिंपून बंद करतात. आतील प्राणवायू धान्याच्या व किड्यांच्या श्वसनाने संपत जातो, त्यामुळे कीड फार काळ जगू शकत नाही. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांपैकी बरीच निकामी झाली. एखाद्या गोष्टीची एकाएकी विपुलता होणे या अर्थाचा ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार याच साधनावरून आला आहे.

याशिवाय मातीचे रांजण, एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड, लोणच्यासाठी चिनी मातीच्या बरण्या आणि त्यांच्या तोंडाला बांधायचा दादरा ही घरोघरची साधने होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र्याच्या कोठ्या रूढ झाल्या. केंद्र सरकारने १९६० च्या दशकात सुरू केलेल्या धान्य वाचवा मोहिमेतून सुधारित कोठ्यांचा प्रसार झाला. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पुसा कोठीत कच्च्या विटांच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा कागद घातलेला असतो, त्यामुळे मातीच्या कोठीत शिरणारी ओल अडते. अलीकडे अनेक पदरी हवाबंद थैल्याही वापरल्या जातात. त्यांचे तत्त्व पेवाचेच आहे.

टिकवण्यामागील तत्त्वे

ओलावा

साठवणीत नासधूस होण्याचे प्रमुख कारण ओलावा हे आहे. दीर्घ साठवणीसाठी तृणधान्यांतील ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी, डाळी व कडधान्यांतील ९ ते १० टक्के आणि शेंगदाण्यासारख्या तेलबियांतील त्याहूनही कमी असावा लागतो. ओलावा वाढला की धान्याचे श्वसन वाढते, त्यातून उष्णता व आणखी ओल निर्माण होते आणि ढिगाच्या मध्यभागी धान्य तापू लागते.

घरगुती पारख दाताने केली जाते: कोरडा दाणा कटकन फुटतो, ओला दाणा चेपला जातो. दुसऱ्या पद्धतीत कोरड्या काचेच्या बाटलीत धान्य व कोरडे मीठ घालून हलवतात. मीठ काचेला चिकटल्यास धान्य साठवणीयोग्य नसते. गहू, ज्वारी व कडधान्ये उन्हात वाळवतात. तांदळाला मात्र कडक उन्हाने चिरा जाऊन त्याचे तुकडे होतात, म्हणून तो सावलीत किंवा सौम्य उन्हात पसरतात. उन्हातून आणलेले धान्य गरम असतानाच डब्यात बंद केल्यास झाकणाच्या आतून पाणी धरते. म्हणून ते पूर्ण निवल्यावर भरण्याची रीत आहे.

कीड

सोंड किडा (बोलीभाषेत पोरकिडा किंवा टोका), लहान भुंगेरा, खापरा भुंगा, पिठातील तांबडा भुंगेरा, कडधान्यातील भुंगा आणि धान्यात जाळी करणारे पतंग ही साठवणीतील मुख्य कीड आहे. २५ ते ३५ अंश सेल्सियस तापमानात तिची वाढ सर्वांत जलद होते. उष्ण हवामानात सोंड किड्याची एक पिढी सुमारे महिनाभरात पूर्ण होते. मादी दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते व वरून छिद्र बुजवते. त्यामुळे बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या धान्यातही कीड असू शकते. मेमध्ये नजरेस न आलेली थोडी अंडी श्रावणापर्यंत संपूर्ण कोठी व्यापतात.

कडधान्यातील भुंग्याचा उपद्रव बहुधा शेतातच सुरू होतो. अखंड कडधान्याला त्याचा धोका अधिक, तर भरडलेल्या डाळीला कमी असतो. तूर, मूग यांची डाळ करून ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. नाचणीचा दाणा बारीक असल्याने तिला कीड क्वचितच लागते व ती कित्येक वर्षे टिकते. डोंगराळ भागात तिला दुष्काळातील आधार मानले गेले ते यामुळेच.

पारंपरिक उपायांत वाळलेला कडुनिंबाचा पाला धान्याच्या थरांमध्ये घालणे, कडधान्यात चाळलेली राख मिसळणे आणि गहू व डाळींना एरंडेल तेलाचा हात लावणे हे प्रमुख आहेत. राख किड्याच्या अंगावरील मेणचट थर खरवडते व तो कोरडा पडून मरतो. तेलाच्या थरामुळे भुंग्याच्या अंड्यांना हवा मिळत नाही. हे उपाय नव्या किडीला आळा घालतात. आधीच पसरलेली कीड त्यांनी नाहीशी होत नाही.

मीठ, आंबटपणा व तेल

लोणच्यात मीठ व कैरी-लिंबाचा आंबटपणा जिवाणूंची वाढ रोखतात, तर वर तरंगणारे तेल हवेचा संपर्क तोडते. फोडी तेलाखाली बुडालेल्या न राहिल्यास किंवा ओला चमचा घातल्यास बुरशी येते. आंबटपणा नसलेल्या पदार्थांना हे संरक्षण मिळत नाही. लसणासारखे पदार्थ आंबट न करता नुसत्या तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवल्यास हवेविना वाढणाऱ्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा होऊ शकते आणि अशा पदार्थाच्या वासात वा चवीत फरक पडेलच असे नाही.

जुने आधी, नवे नंतर

साठ्याची फिरवणी हा बेगमीचा अखेरचा घटक आहे. नवे धान्य जुन्यावर ओतल्यास तळाचे धान्य वर्षानुवर्षे तळाशीच राहते व त्यातील कीड नव्या मालाला लागते. म्हणून कणगीला खालच्या बाजूस धान्य काढण्याचे तोंड ठेवलेले असे: वरून भरलेले धान्य खालून निघे व जुने आपोआप आधी संपे. आजच्या डब्यांना ही सोय नसते. त्यामुळे डबा पूर्ण रिकामा करून, धुऊन, उन्हात तापवूनच पुन्हा भरला जातो.

धोके व सुरक्षितता

बुरशीची विषे

ओल्या मक्यावर व शेंगदाण्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसात भिजलेला व नीट न वाळवता साठवलेला मका खाल्ल्याने अनेक गावांत काविळीची साथ आली व १०६ जण दगावले. मुख्यतः घरच्या साठ्यातील मक्यावर जगणारी गरीब कुटुंबे तिला बळी पडली. हे विष शिजवण्याने किंवा धुण्याने नष्ट होत नाही, म्हणून बुरशी लागलेले धान्य वाळवून पुन्हा वापरणे धोक्याचे ठरते.

रसायने

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याशी संयोग पावून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सोडतात. हा वायू दाराच्या फटीतून व भिंतीच्या भेगांतून शेजारच्या खोलीत पोहोचतो. त्यावर उतारा उपलब्ध नाही. राहत्या घरात धान्याच्या पोत्यांत ठेवलेल्या अशा गोळ्यांमुळे झोपेतच कुटुंबातील व्यक्ती, विशेषतः लहान मुले, मृत्युमुखी पडल्याच्या घटना भारतात वेळोवेळी घडल्या आहेत. भारतातील नियमांनुसार या गोळ्या सर्वसामान्य ग्राहकाला विकता येत नाहीत व त्यांचा वापर प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखालीच करता येतो. पूर्वी घरगुती धुरीसाठी सुचवल्या जाणाऱ्या ईडीबी या द्रवाच्या कुप्यांवर पुढे बंदी आली.

तांदळाला बोरिक पावडर लावण्याची सवय अनेक घरांत आहे. बोरिक आम्ल हे अन्नात मिसळण्यास परवानगी असलेले द्रव्य नाही व तांदूळ धुतल्याने ते पूर्णपणे निघून जाईल याची खात्री नसते. काही घरांत धान्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवतात. पारा विषारी असल्याने गोळी फुटल्यास वा झिजल्यास ते धान्य खाण्यास असुरक्षित होते.

पेवातील वायू

बंद पेवात प्राणवायू संपून कार्बन डायऑक्साइड साचतो. पेव उघडताच आत उतरणारा माणूस काही क्षणांत बेशुद्ध होऊ शकतो, आणि त्याला काढायला घाईने उतरणाराही दगावतो. म्हणून पेव उघडल्यावर बराच वेळ मोकळे ठेवून, आत पेटता दिवा सोडून पाहण्याची पद्धत होती; दिवा विझल्यास कोणी उतरत नसे.

पूर व उंदीर

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण, महाड व कोल्हापूर परिसरात आलेल्या महापुरांत तळमजल्यावर साठवलेले कुटुंबांचे वर्षाचे धान्य भिजून वाया गेले. पूररेषेतील घरांत साठा माळ्यावर ठेवणे व तो एकाच जागी न ठेवणे हाच त्यावरचा उपाय ठरतो. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असल्याने भिजलेले धान्य वाळवूनही खाण्यायोग्य राहत नाही. उंदीर धान्य खातात त्याहून अधिक धान्य लेंड्या व मूत्राने दूषित करतात. लेप्टोस्पायरोसिस हा रोगही त्यांच्या मूत्रातून पसरतो. कोठी जमिनीपासून उंच व भिंतीपासून अलग ठेवणे आणि तिच्या पायांना पत्र्याच्या उलट्या चाड्या बसवणे हे प्रचलित उपाय आहेत.

बियाण्याची साठवण

शेतकरी कुटुंबात खाण्याचे धान्य आणि बियाणे वेगळे राखले जाते. बियाण्यासाठी उत्तम कणसे निवडून ती चुलीच्या धुरावर टांगतात, किंवा बी राखेत घोळून मडक्यात ठेवून तोंड शेणमातीने लिंपतात. फार कडक उन्हाने बियाण्याची उगवणशक्ती कमी होत असल्याने ते बेताने वाळवतात. टंचाईत बियाणे खाऊन टाकण्याची वेळ येणे ही शेतकऱ्याच्या घरातील शेवटची अडचण मानली जाते, कारण त्यानंतर पाऊस चांगला झाला तरी पेरायला काही उरत नाही. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी याच पद्धतींच्या आधारे देशी वाणांची बीजबँक उभी केली. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

सामाजिक बाजू

निवडणे, पाखडणे, वाळवणे, कांडणे व राखणे ही बेगमीची बहुतेक कामे स्त्रिया करत आल्या आहेत. पापड लाटणे, कुरडयांचा चीक शिजवणे यांसारखी कामे एकटीने उरकत नाहीत. शेजारणी पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जाऊन ती करत, आणि त्यात वेतनाऐवजी परतफेडीचे श्रम असत. या श्रमांचे बाजारमूल्य पुढे स्पष्ट झाले. १९५९ मध्ये मुंबईत गिरगाव येथे सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या कर्जाऊ भांडवलावर सुरू केलेला श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड हा त्याचा सर्वांत परिचित नमुना आहे. आज उन्हाळी वाळवणांचा मोठा हिस्सा महिला बचत गट तयार करतात.

सद्यस्थिती

लहान घरे, विभक्त कुटुंबे, दोघांच्या नोकऱ्या, वाळवायला अंगण वा गच्ची नसणे आणि वर्षभर मिळणारा बांधीव माल यांमुळे शहरांत वार्षिक साठवणीची जागा महिन्याच्या किराण्याने घेतली आहे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाल्यावर पहिल्या दिवसांत किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या. ज्या घरांत वर्षाचे गहू-तांदूळ आधीच भरलेले होते, त्यांना त्या काळात केवळ भाजी व दूध यांसाठीच बाहेर पडावे लागले. एप्रिल-मेमधील अवकाळी पावसामुळे वाळवणे भिजणे व सुगीचा माल ओला राहणे ही मात्र नवी अडचण झाली आहे. ओला माल साठवणीत टिकत नसल्याने, कडक उन्हाळ्यावर उभी असलेली ही पद्धत हवामानातील बदलाला थेट तोंड देत आहे.

हेही पहा

• वाळवण
• पेव
• कणगी
• लोणचे
• गावगाडा
• सार्वजनिक वितरण व्यवस्था